मुंबईची खोली की मुंब्र्याचे घर?

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी एका घरगुती प्रश्नावर बोलणार आहे. डोंगरी, नागपाडा, माझगाव येथील दहा बाय बाराच्या खोल्या सोडून आपली अनेक कुटुंबे मुंब्रा-कौसा, मीरा रोड, पनवेल या बाजूस गेली. १९९२-९३ च्या दंगलीनंतर हा ओघ वाढला, आणि मुंबईतील जागांच्या भावांनी तो पुढेही चालू ठेवला. आजही घरोघरी हीच चर्चा ऐकू येते. जुनी खोली धरून राहावे, की ती देऊन लांब पण मोठे घर घ्यावे?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. एका खोलीत सहा-सात माणसे असली तर मुलाने पुस्तक उघडायचे कोठे? पण त्याच खोलीतून खाली उतरले की शिक्षणाची दारे हाकेच्या अंतरावर आहेत. १८७४ साली स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामच्या शाळा, १९३६ पासूनचे साबू सिद्दीक पॉलिटेक्निक, १९६८ साली निघालेले नागपाड्याचे महाराष्ट्र कॉलेज, हे सारे त्याच परिसरात आहे. शिवाय आजारपणात धावून येणारा शेजार आहे.

मुंब्र्यात घर ऐसपैस मिळते. पण मुंब्रा स्टेशन सीएसएमटीपासून सुमारे ४० किलोमीटर आहे. जाण्यायेण्यात रोज तीन तास धरले तर पंचवीस दिवसांत ७५ तास होतात, म्हणजे दर महिन्याला तीन दिवस आणि तीन रात्री आपण गाडीत घालवतो. घर घेताना आपण चौरस फूट मोजतो, हे तास मोजत नाही. आणि ती गर्दी! ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काही जण प्राणास मुकले. ते रोजच्यासारखेच कामावर निघाले होते.

येथे मला माझ्या घरची हकीकत सांगितली पाहिजे. २००५ साली आम्ही डोंगरीहून कौशाला आलो. मी बारावीत होतो, धाकटी बहीण अकरावीत. अब्बांनी मोठ्या हौसेने आम्हा दोघांसाठी टेबल-खुर्ची आणली. मी पहाटेची गाडी धरून कॉलेजला जात राहिलो. बहिणीला मात्र "एवढ्या लांब मुलीने एकटीने कशाला?" असे सांगण्यात आले. तीन महिन्यांत तिचे कॉलेज सुटले. टेबल घरात राहिले, पण अभ्यासाला बसणारी राहिली नाही. अब्बांना मी दोष देत नाही. माझ्याच गाडीने ती आली असती. "मी घेऊन जातो," एवढे एक वाक्य मी बोललो नाही, याची खंत मला आजही आहे.

म्हणून पालकहो, चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, घर पाहण्याआधी मुलांचे कॉलेज पाहा. आता मुंब्र्यातही पदवी महाविद्यालय आहे, नवीन पनवेलला अंजुमनचे तंत्रशिक्षणाचे संकुल आहे. मुलाला हवी ती शाखा जवळ मिळत असेल तर अर्धा प्रश्न तेथेच सुटला.

दुसरी, दहावी-बारावीच्या ऐन वर्षात बिऱ्हाड हलवू नका.

तिसरी, कागदपत्रे तपासा. परवानगीची कागदपत्रे, भोगवटा प्रमाणपत्र जाणकाराला दाखवा. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ बेकायदा बांधलेली इमारत कोसळून ७४ जीव गेले. जुनी खोली धरून बसणाऱ्यांनीही गाफील राहू नये. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळली, त्यात तीसहून अधिक माणसे गेली. स्वस्त घर आणि जुने घर, दोन्ही जीवावर बेतू शकतात.

चौथी, घराचा निर्णय घेताना घरातील बाईला आणि मुलीला विचारा. नव्या बंद दाराआड दिवस तिला काढायचा असतो, आणि शाळा-कॉलेज सुटण्याची पहिली पाळी बहुधा मुलीचीच येते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडेही एक काम आहे. प्रवास लांबला तर बहिणीला, शेजारच्या मुलीला सोबत द्या. रेल्वेच्या पासात विद्यार्थ्यांना सवलत आहे, तिचा लाभ घ्या. मुली चार-पाच जणींनी मिळून महिलांच्या डब्यातून गेल्या तर घरच्यांचीही भीती कमी होते.

मुंबई की मुंब्रा, याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. ज्या घरातून तुमचा मुलगा आणि तुमची मुलगी, दोघेही उद्या सकाळी शिकायला बाहेर पडतील, ते घर निवडा. मग ते दहा बाय बाराचे असो वा दोन खोल्यांचे. आमच्या घरी जे सुटले ते तुमच्या घरी सुटू नये, एवढीच अल्लाहकडे दुआ आहे.

खुदा हाफिज.