सुट्टी आणि आजोळ
(मुहैस्नाह येथील दिवाळी स्नेहमेळाव्यातील मनोगत)

२०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या. पालक चिडले: ऊन केवढं, गावची तिकिटं काढलेली! मला आधी हसू आलं, मग आपलं आठवलं.

इथल्या आपल्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात आणि मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये. आपण गावी पोचतो तेव्हा आंबे संपलेले, भाचरं शाळेत. माझ्या लेकीने आजोळ पाहिलंय ते फक्त पावसातलं. मामेभावंडांशी खेळायला मिळतात ते जेमतेम रविवार.

इथल्या उन्हापुढे इलाज नाही, मान्य. पण तिकडे तरी वेळापत्रक बदलण्याआधी आईबापांना विचारा. सुट्टी म्हणजे रिकामे दिवस नव्हेत हो, नाती तेव्हाच जुळतात.