नदीकाठी तंबू कुठे लावायचा?

मी गव्हाणहून बोलतोय. आठवडाभर कोडिंग, सुट्टी आली की गाडीत तंबू.

मागच्या हिवाळ्यात पेण, नागोठणे करत कोलाडला गेलो. कुंडलिकेच्या अगदी काठाला, सपाट वाळूत तंबू ठोकला. फोटो भारी आले! सकाळी उठतो तर पाणी चपलांपर्यंत. आभाळ कोरडं, मग पाणी आलं कुठून?

घाटापलीकडच्या मुळशी धरणाच्या पाण्यावर भिऱ्याला वीज तयार होते आणि मग ते पाणी कुंडलिकेत येतं. इथलं राफ्टिंगही त्यावरच चालतं.

म्हणून कॅम्प निवडताना रेटिंग नंतर बघा. आधी गावात विचारा, ‘पाणी कधी सुटतं? कुठवर चढतं?’ झुडपांत अडकलेला कचरा कुठवर आहे ते बघा. तंबू त्याच्या बराच वर लावा. नदीचा आवाज तिथेही येतो!