उंची कुठून मोजली?



संमेलनाच्या अध्यक्षाने साहित्याच्या सद्यःस्थितीवर बोलावं, असा रिवाज आहे. तो इथेच, धाराशिवमध्ये, 2020 साली, त्र्याण्णवाव्या मराठी साहित्य संमेलनात यथासांग पाळला गेला. मी हवाई वाहतूक नियंत्रणात नोकरी केलेला माणूस. मी उंचीच्या आकड्याबद्दल बोलणार.

नकाशावर मुंबई ते हैदराबाद पट्टी ठेवून रेघ ओढा. ती तुळजापूर-नळदुर्गच्या जवळून जाते. त्या वाटेवर समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांच्या उंचीत साधारण 1000 फुटांचं अंतर राखलेलं असतं. ते अंतर वैमानिकाला डोळ्यांनी मोजता येत नाही. उंचीमापक सांगेल तेच खरं धरायचं. आणि उंचीमापक म्हणजे मुळात वायुभारमापक. तो हवेचा दाब मोजतो आणि आपल्याला फूट दाखवतो. दाब कुठून धरायचा, हे मात्र वैमानिकाने बटण फिरवून त्याला सांगावं लागतं. विहीर किती परस खोल आहे हे विचारताना काठापासून की पाण्यापासून, हे आपण आधी ठरवून घेतो, तसंच हे.

ठरावीक उंचीच्या वर गेलं की जगभरातले वैमानिक एकच आकडा लावतात : 1013.25 हेक्टोपास्कल. खालचा खरा दाब काहीही असो, सगळ्यांचा पाया एक, म्हणून आपसातलं अंतर खरं. उतरताना मात्र त्या विमानतळाचा त्या वेळचा, समुद्रसपाटीच्या हिशेबात आणलेला दाब लावावा लागतो. त्याला आम्ही क्यूएनएच म्हणतो. आपल्याकडे जुलैत तो बऱ्याचदा 1003-1004 च्या घरात असतो. एका हेक्टोपास्कलला साधारण 28 फूट. धाराशिवची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटरवर. इथे पावसाळी ढगांतून उतरताना कुणी 1013 तसाच ठेवला, तर काटा असेल त्यापेक्षा पावणेतीनशे फूट जास्त दाखवेल. यंत्र बिघडलेलं नसेल. त्याला जे सांगितलं, तेच ते इमानाने मोजत असेल.

मे 2022 मध्ये पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर असंच काहीसं घडलं. पावसात एक एअरबस उतरत होतं. दाब होता 1001. नियंत्रकाने इंग्रजीत सांगितला 1011. वैमानिकांनी 1011 म्हणून दाखवला, पुढे तोच लावला. त्याच सुमारास फ्रेंचमध्ये बोलणाऱ्या एअर फ्रान्सच्या विमानाला मात्र बरोबर 1001 मिळाला. आणखी एका विमानाला 1011 सांगितल्यावर त्याच्या वैमानिकाने उत्तरात 1001 म्हटलं. तो फरकही कुणाच्या कानाला खटकला नाही. एअरबस धावपट्टीच्या बरंच अलीकडे, धावपट्टी दिसायच्या आत, जमिनीपासून अवघ्या 6 फुटांपर्यंत आलं आणि तिथून पुन्हा वर उचललं गेलं. तपासात हे सगळे संवाद नोंदले गेले. मला त्यातला सर्वांत बोलका भाग वाटतो तो न ऐकलेल्या उत्तराचा. आमच्या धंद्यात आकडा सांगितला की समोरच्याने तो परत म्हणायचा आणि सांगणाऱ्याने कान देऊन ऐकायचा, असा नियम आहे. यातला दुसरा अर्धा भाग पाळणं फार कंटाळवाणं असतं.

चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर झाली, ती गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. 12 नोव्हेंबर 1996, संध्याकाळ. सौदी विमानाला 14,000 फूट, समोरून येणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाला 15,000. कझाक विमान 15,000 वर थांबलंच नाही. 349 माणसं गेली. लाहोटी आयोगाने चौकशी केली. कझाक विमानात नियंत्रकाशी बोलणाऱ्या रेडिओ ऑपरेटरपुढे त्याचा स्वतःचा उंचीमापकच नव्हता. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून त्याला आकडा वाचावा लागे. पुढे टक्कर टाळण्याचा इशारा देणारं यंत्र भारतात विमानांना सक्तीचं झालं. अपघातानंतरच नियम येतो, ही आमच्या क्षेत्राची जुनी खोड.

आपल्या महाराष्ट्रातही जुन्नरजवळच्या डोंगरावर 7 जुलै 1962 च्या रात्री अलिटालियाचं डीसी-8 आदळलं आणि 94 जण मृत्युमुखी पडले. तिथे दोष उंचीमापकाचा नव्हता. मुंबई जवळ आली, या समजुतीने विमान वेळेआधी खाली आलं होतं. आकडा बरोबर असून भागत नाही. आपण कशाच्या वर आहोत, हेही कळायला हवं.

आता तुम्हा विज्ञान लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांकडे वळतो. अशा घटनेनंतर मराठीत जे छापून येतं, ते दोन दिवसांत ‘वैमानिकाची चूक’ या शब्दांवर येऊन थांबतं. ‘विमान हजार फूट कोसळलं’ असं आपण लिहितो. कुठून कुठे, कशाच्या मानाने, हे विचारत नाही. विमान अपघात अन्वेषण विभागाचे अहवाल इंग्रजीत उपलब्ध असतात. वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात, कारण ते रुक्ष आहेत. पण ती रुक्षता वरवरची आहे. आत माणसं बोलताहेत, एकमेकांचं अर्धवट ऐकताहेत, थकलेली आहेत, पावसात आहेत. कथाकाराला आणखी काय हवं?

या संमेलनातून परतल्यावर तुमच्यापैकी पाच-सहा जणांनी तरी असा एकेक अहवाल पहिल्या पानापासून वाचावा आणि त्यावर मराठीत सविस्तर लिहावं, एवढी विनंती करतो.