माळावरची सही



मी सातवी शिकलेली. चुकलेमाकले सांभाळून घ्या. खालापुराकडे माझ्या माहेरी भातखाचरांच्या वर वरकस माळ होता. तिथे नाचणी, वरी होई. तिथलेच गवत, पाला राब भाजायला खाली येई. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि बंगल्यांसाठी माळाला गिऱ्हाईक आले. दादा म्हणाला, "खाचरे राहतातच की!" २००५ च्या कायद्याने मुलींनाही वडिलार्जित जमिनीत सारखा हक्क, म्हणून माझी सही लागली. वर साडी मिळाली. मी ती हौसेने नेसलेही!

माळाबरोबर राबाचा पाला गेला, चारा नाही म्हणून गुरे गेली, शेणखत संपले. आता खाचरेही ओस आहेत आणि दलाल पुन्हा सहीसाठी येतो. या खेपेस मी आधी सातबाराचा उतारा मागितला आहे.