कुशीचा मोबदला आणि प्राप्तिकर

दुसऱ्याचे मूल आपल्या उदरात वाढविणाऱ्या स्त्रीला पैसे मिळाले, तर ते प्राप्तिकराच्या विवरणपत्रात कोठे दाखवावयाचे? प्रश्न चमत्कारिक वाटेल. पण जमाखर्चाच्या वहीला लाज नसते.

१९६१ च्या कायद्याने उत्पन्नाची पाच सदरे केली. पगार, घरभाडे, धंदा आणि भांडवली नफा यांत जे बसत नाही, ते 'इतर मार्गांनी मिळालेले उत्पन्न'. सरोगसीचा मोबदला, आमच्या मते, तेथेच पडावयाचा. औषधपाण्याचा प्रत्यक्ष खर्च भरून मिळणे ही मात्र कमाई नव्हे.

पुढे २०२१ चा सरोगसी कायदा झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्याने मोबदलाच बंद केला. उपचारांचा खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा द्यावा, बाकी सारे परोपकार म्हणून! आमच्या सोलापुरात हजार विड्या वळून देणारी बाई मजुरी मागते, तेव्हा कोणी नाक मुरडीत नाही. डॉक्टरांची फी तर या व्यवहारातही चालूच आहे.

आणि चोरून पैसे दिलेच तर? कर बसताना पैसा कायदेशीर की बेकायदेशीर हे पाहिले जात नाही. १९८० साली पियारासिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तस्करीत जप्त झालेली रक्कमसुद्धा धंद्यातला तोटा म्हणून वजा करू दिली होती. इकडे सरोगसी कायद्याचे ४२ वे कलम सांगते की, अशा बाईवर नवऱ्याने, नातेवाइकांनी वा मूल मागणाऱ्या जोडप्याने बळजबरी केली, असेच न्यायालयाने प्रथम धरून चालावे. बळजबरी झालेल्या त्याच बाईला कराची नोटीस मात्र येऊ शकते.