इंजेक्शनची मोटारसायकल अडली तर : टाकीपासून नोझलपर्यंत क्रमाने तपासणी

(कारंजा (घाडगे) येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



पीकशास्त्राचा माणूस आज मोटारसायकलीवर बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटेल. परंतु संत्र्याच्या बागेवर फवारणी करायची असो, मजुरांना डबा पोचवायचा असो किंवा रात्रीच्या ओलिताला जायचे असो, आपली सर्व धावपळ या दोन चाकांवर आहे. ऐन हंगामात गाडी अडली की कामाचा दिवस जातो. त्यात निदान चुकले तर दिवसासोबत पैसाही जातो.

भारत स्टेज-६ हे प्रदूषणाचे मानक १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. तेव्हापासून विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटर राहिला नाही, त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. त्यामुळे जुने उपाय चालत नाहीत. चोक ओढणे, कॉक रिझर्व्हवर टाकणे, जेट फुंकून साफ करणे, यांतले काहीच या गाडीत नाही.

रचना : ठिबक संच डोळ्यांसमोर आणा

आपल्याकडे अनेकांच्या बागेत ठिबक आहे. विहीर, पंप, गाळणी, ठरावीक दाब आणि शेवटी ड्रिपर असा त्याचा क्रम असतो. इंजेक्शनच्या गाडीत टाकी ही विहीर. टाकीतच बुडालेला विजेचा छोटा पंप, त्याच्या तोंडाशी बारीक जाळी, दाब कायम राखणारा रेग्युलेटर आणि शेवटी इंजेक्टर, म्हणजे नोझल. बहुतेक गाड्यांत हा दाब चौरस सेंटिमीटरला अडीच ते तीन किलोच्या आसपास असतो. नोझल किती वेळ उघडे ठेवायचे हे ‘ईसीयू’ नावाचा छोटा संगणक ठरवतो.

शेवटच्या झाडाला पाणी येत नाही म्हणून कोणी लगेच नवीन मोटर घेत नाही. आधी फ्यूज, मग गाळणी, मग प्रेशर गेज, मग ड्रिपर पाहतो. गाडीलाही हाच क्रम लावावा.

१) चावी फिरवा आणि कान द्या

चावी चालू करा, किल स्विच चालूच्या बाजूला आहे का पाहा आणि सेल्फ न मारता ऐका. टाकीतून दोन-तीन सेकंद ‘घूं’ असा आवाज येऊन थांबला पाहिजे. मीटरवरील इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. तो गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे.

आवाज आला नाही म्हणून पंप जळाला असे समजू नये. पंपापर्यंत वीज पोचते काय, हे प्रथम पाहावे. फ्यूज, बॅटरीची सैल किंवा पांढरी बुरशी धरलेली टोके आणि टाकीखालचा वायरचा कपलर तपासावा. गाडी धुऱ्यावर आडवी पडली असेल तर कलंडल्याचे ओळखणारा सेन्सर पेट्रोल तोडतो. गाडी सरळ करून चावी एकदा बंद करून पुन्हा चालू करावी. शेतातल्या गोठ्यात गाडी ठेवणाऱ्यांनी उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, हेही बघावे.

पंप, ईसीयू आणि इंजेक्टर तिघेही विजेवर चालतात. उभ्या गाडीत चांगल्या बॅटरीचा दाब १२.४ ते १२.६ व्होल्ट असावा. सेल्फ मारताना तो १० च्या खाली घसरत असेल तर पेट्रोलचा दोष शोधण्यापूर्वी बॅटरी चार्ज करून घ्यावी.

२) टाकी आणि पेट्रोल

मीटरच्या काट्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका, झाकण उघडून पाहा. टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. कायम शेवटच्या अर्ध्या लिटरवर गाडी चालवली तर पंप तापतो आणि त्याचे आयुष्य कमी होते.

दुसरी बाब पाण्याची. २०२५ पासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी त्यात मिसळून जाते. मर्यादा ओलांडली की पाणी व इथेनॉल दोन्ही वेगळे होऊन तळाशी बसतात आणि पंप तेच प्रथम ओढतो. फवारणी पंपाच्या गनने टाकीच्या झाकणावर धार मारून गाडी धुण्याची सवय येथे महागात पडते. संशय आल्यास मेकॅनिककडून थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून साफ करणे हाच उपाय. वरून आणखी पेट्रोल भरून भागत नाही.

तिसरी बाब हवेची, आणि येथे माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मागील पावसाळ्यात बागांना भेटी देत असताना माझी गाडी दर आठ-दहा किलोमीटरवर बंद पडू लागली. थोडा वेळ उभी केली की पुन्हा सुरू होई. एका गॅरेजमध्ये ‘पंप गेला’ असे सांगून नवा पंप बसवला. दोन दिवस गाडी चालली, तिसऱ्या दिवशी तेच. पुढे दुसऱ्या कारागिराने बंद पडलेल्या गाडीच्या टाकीचे झाकण उघडले, तर फस्सकन हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली. पेट्रोल जाते तेवढी हवा टाकीत आली पाहिजे. नव्या गाड्यांत ती कोळशाच्या डब्याला जोडलेल्या नळीतून येते. त्या नळीचे खालचे तोंड कुंभारीण माशीने मातीने बुजवले होते! नवा पंप बसवताना टाकी उघडली गेली, म्हणून दोन दिवस बरे वाटले. दोष चिमूटभर मातीचा आणि दंड पंपाच्या किमतीचा. तो गॅरेजवाल्याइतकाच माझाही, कारण जुन्या पंपाचा आवाज व्यवस्थित येत होता आणि मी तो ऐकूनही विचार केला नाही.

३) दाब

गाडी जागेवर नीट चालते, पण मागे दोन पोती टाकून चढावर गेली की दम तोडते, हे दाब अपुरा असल्याचे लक्षण असू शकते. सकाळी लवकर सुरू होत नसेल तर चावी दोन-तीन वेळा चालू-बंद करून पंपाला प्रत्येक वेळी फिरू द्यावे. त्यानंतर लगेच सुरू झाली तर रात्रीतून दाब उतरतो असे समजावे.

खात्री मात्र गेजनेच होते. गेज लावल्यावर काटा पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर गेला पाहिजे, रेस दिल्यावर टिकला पाहिजे आणि गाडी बंद केल्यावर लगेच शून्यावर येता कामा नये. दाब कमी असेल तर जाळी, टाकीतील नळी, रेग्युलेटर आणि शेवटी पंप या क्रमाने पाहावे. ‘पंप बदलावा लागेल’ असे कोणी म्हटले की एकच प्रश्न विचारा : “गेज लावून दाब किती आला?”

४) इंजेक्टर

दाब बरोबर असूनही गाडी धक्के देत असेल, तर इंजेक्टर अर्धवट बुजलेला असू शकतो किंवा त्याला वीज वा संकेत मिळत नसेल. तारेने किंवा पिनेने छिद्र कोरू नये. ठिबकच्या ड्रिपरला टाचणी घातली की त्याचा प्रवाह बिघडतो, तसेच येथे होते. यंत्रावर साफ करून घ्यावा.

५) पेट्रोलचा दोष भासणारे इतर दोष

सेल्फ बराच वेळ मारूनही गाडी सुरू झाली नाही, तर प्लग काढून पाहावा. ओला असेल तर पेट्रोल येत आहे, दोष ठिणगीकडे शोधावा. कोरडा असेल तर वरील क्रमाने मागे जावे. धुळीने भरलेला एअर फिल्टरही गाडीचा दम घोटतो. पिवळा दिवा विझत नसेल तर स्कॅनर लावून दोषाचा क्रमांक पाहण्याचा आग्रह धरावा.

काय करू नये

* दाबाखालील पेट्रोलची नळी स्वतः सोडू नये. उडालेले पेट्रोल गरम इंजिनावर पडून आग लागू शकते. हे काम मेकॅनिकने दाब उतरवून, मोकळ्या जागी करावे.
* तपासणीच्या वेळी बिडी, काडी, उघडी ठिणगी जवळ नको.
* प्लास्टिकच्या बाटलीत आणलेले सुटे पेट्रोल टाकीत ओतू नये. त्यात कचरा, पाणी आणि धोका तिन्ही असतात.
* गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे ओलसर हवेला जागा कमी राहते.

बंधूंनो, पान पिवळे दिसले की आपण लगेच युरिया टाकत नाही. नत्र कमी आहे, पाणी साचले आहे की मुळे कुजली आहेत, हे आधी पाहतो. गाडीलाही तोच न्याय द्या. आवाज, टाकी, दाब, नोझल हा क्रम लक्षात ठेवा आणि कारण सापडेपर्यंत सुटा भाग विकत घेऊ नका. चावी फिरवल्यावरचा तो ‘घूं’ आज घरी जाताना एकदा लक्ष देऊन ऐका. निरोगी गाडीचा आवाज ओळखीचा झाला की बिघडलेला लगेच कळेल.