भोपाळचा दावा अमेरिकेनं परत का पाठवला?

(गावबैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून दिलं आहे.)



मागच्या बैठकीत घाटघरकडच्या एका मावशीनं विचारलं होतं, "भोपाळच्या लोकांनी अमेरिकेत केस टाकली होती म्हणं, मंग ती इकडं कशी आली? कोर्ट काय बाजारचा बैल हाय का, एका बाजारात नाय खपला तर दुसऱ्या बाजारात न्यायचा?" तेव्हा मला धड सांगता आलं नाही. नंतर कात्रणं मिळवली, शहरातल्या साथींना विचारलं. आज सांगतो.

1984 च्या 2 आणि 3 डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. पिकावर मारायचं औषध बनवायचा कारखाना. भोवती गरिबांच्या झोपड्या. हजारो माणसं मेली, जी वाचली त्यांची छाती आणि डोळे गेले. कारखाना चालवणारी कंपनी हिंदुस्थानी नावाची, पण तिचे 50.9 टक्के शेअर अमेरिकेतल्या मूळ कंपनीकडे. म्हणजे निम्म्याहून जास्त मालकी तिकडची.

थोड्याच दिवसांत अमेरिकेचे वकील विमानानं भोपाळला उतरले, लोकांचे अंगठे घेतले आणि तिकडे दावे टाकले. मग आपल्या सरकारनं 1985 मध्ये कायदा केला की सगळ्या पीडितांच्या वतीनं दावा फक्त सरकार लढेल. एप्रिल 1985 मध्ये सरकारनं न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला. सगळे दावे एकत्र करून जॉन कीनन नावाच्या न्यायाधीशापुढे ठेवले.

कंपनी पहिल्याच झटक्याला म्हणाली, हा दावा इथे चालवायचाच नाही. आम्ही दोषी आहोत की नाही हा प्रश्न नंतरचा, आधी हे कोर्ट योग्य नाही ते ठरवा. तिकडच्या कायद्यात याला लॅटिन नाव आहे, फोरम नॉन कन्व्हीनियन्स. नाव लक्षात ठेवायची गरज नाही. अर्थ एवढाच, की कोर्टाला दावा ऐकायचा अधिकार असतो, तरी ते म्हणू शकतं की दुसऱ्या देशातलं कोर्ट या कामाला जास्त सोयीचं आहे, तिकडे जा.

12 मे 1986 ला कीनन साहेबांनी तसंच केलं. कारणं काय दिली? साक्षीदार हिंदुस्थानात, जखमी हिंदुस्थानात, कारखाना तिथला, चालवणारी माणसं तिथली, कागद तिथले, कायदाही तिथलाच लागणार. आणि असंही म्हणाले की स्वतंत्र देशाच्या कोर्टाला कमी लेखून आम्ही इथे निकाल दिला तर ती साम्राज्यशाहीच होईल. ऐकायला बरोबर वाटतं ना? मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं. आपला देश, आपलं कोर्ट, त्यात वाईट काय?

पण त्या कोर्टात कोण काय बोललं ते बघा. आपलं सरकार तिथे उभं राहून सांगत होतं की आमची कोर्टं फार हळू चालतात, एवढा मोठा दावा झेपणार नाही. आणि अमेरिकेची कंपनी म्हणत होती, छे छे, हिंदुस्थानची कोर्टं उत्तम आहेत. त्यासाठी कंपनीनं मुंबईच्या नानी पालखीवालांचं प्रतिज्ञापत्र दिलं. सरकारच्या बाजूनं मात्र मार्क गॅलँटर नावाचे अमेरिकन प्राध्यापक. सगळा उलटा बाजार. ज्याच्यावर दावा आहे तोच तुमच्या कोर्टाची एवढी तारीफ करायला लागला की समजावं, त्याचा फायदा तिथे आहे. अमेरिकेत ज्यूरी बसते, भरपाईचे आकडे मोठे निघतात आणि खटल्याआधीच कंपनीला आपल्या कपाटातली कागदं दुसऱ्या बाजूला दाखवावी लागतात. हे सगळं टळत होतं.

कीनन साहेबांनी दावा पाठवताना कंपनीवर अटी घातल्या. हिंदुस्थानी कोर्टापुढे हजर राहायचं, मुदत संपली अशी सबब सांगायची नाही, तिकडचा निकाल लागेल ते पैसे भरायचे, आणि कागद अमेरिकेच्या नियमानं दाखवायचे. कंपनी वरच्या कोर्टात गेली. जानेवारी 1987 मध्ये वरच्या कोर्टानं दावा परत पाठवणं कायम ठेवलं, पण शेवटच्या दोन अटी काढल्या. पैसे भरायची अट नको, ते न्यूयॉर्कच्या कायद्यानं होईलच. आणि कागद दाखवायचे तर दोघांनी दाखवायचे, एकट्या कंपनीनं का? म्हणजे लोकांना माघारी धाडलं आणि वाटेत देतो म्हटलेली शिदोरीही काढून घेतली.

पुढे काय झालं? भोपाळच्या जिल्हा कोर्टात सरकारनं 330 कोटी डॉलर मागितले. 17 डिसेंबर 1987 ला न्यायाधीश देव यांनी हुकूम दिला की निकाल लागेपर्यंत लोकांना 350 कोटी रुपये द्या. जी कंपनी न्यूयॉर्कमध्ये या कोर्टाची तारीफ करत होती, तिनं लगेच अपील केलं. हायकोर्टानं 250 कोटी केले. तेही दिले नाहीत, सुप्रीम कोर्टात गेली. आणि 14 फेब्रुवारी 1989 ला तिथे तडजोड झाली, 47 कोटी डॉलर. मागितल्याचा सातवा हिस्सा. तेव्हाच्या आपल्या रुपयात 700 कोटींच्या वर, पण अर्ज पाच लाखांच्या वर होते. सरसकट भागलं तर माणशी चौदा-पंधरा हजारसुद्धा येत नव्हते. त्या तडजोडीत फौजदारी खटलेही रद्द केले होते. ज्यांची माणसं मेली त्यांना कोणी विचारलंच नाही. भोपाळच्या बायका दिल्लीला कोर्टासमोर जाऊन ओरडल्या, त्या अजून लढताहेत.

मी असं म्हणत नाही की अमेरिकेचं कोर्ट देवाचं आहे. पण "सोयीचं कोर्ट" म्हटलं की विचारायचं, कोणाच्या सोयीचं? साक्षीदार जवळ आहेत हे खरं. पण कंपनीचा पैसा, तिचे साहेब, तिची कागदं कुठे आहेत तेही बघायला नको?

आता तुम्ही म्हणाल, आपलं काय? आपण कुठे अमेरिकेला चाललोय. माझ्या बापानं 1979 मध्ये दळीच्या तुकड्यासाठी अर्ज केला होता, सरकारनं अतिक्रमणं कायम करायचा ठराव काढला होता त्याप्रमाणे. एक कचेरी म्हणाली, जंगलाचा विषय आहे, तिकडे जा. दुसरी म्हणाली, जमिनीचा विषय आहे, पहिल्या कचेरीत जा. तीन वर्षं. दोन्हीकडे तोंडी. बाप नाचणीची भाकर बांधून पहाटे निघायचा आणि मुक्कामाच्या गाडीनं यायचा. "आमचा अधिकार नाही" हे कोणी कागदावर लिहून दिलं नाही, म्हणून आज आमच्या हातात काहीच नाही. कीनन साहेबांनी निदान लिहून तरी दिलं, म्हणून त्यावर अपील होऊ शकलं.

याची उलटी बाजूही आहे. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासीकडून गेलेली जमीन परत द्यायचा जो कायदा आहे, त्याची चौकशी महसूल अधिकाऱ्यापुढे होते आणि तिथे वकील उभा राहू शकत नाही. तसं मुद्दाम केलं, कारण सावकाराला वकील परवडतो, आपल्याला नाही. जमीनवाले त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, पण कोर्टानं कलम कायम ठेवलं. जागा गरिबाच्या सोयीनं ठरवता येते, ती अशी. तिथे कोणी म्हणाला, "वकील घेऊन ये," तर ऐकू नका.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना ज्यांचा अर्ज कुठून परत आला असेल त्यांनी तो घेऊन या. तोंडी परत पाठवला असेल तर तारीख, कचेरी आणि कोण बोललं ते आठवून या. आपण प्रत्येकाचा एक अर्ज लिहू: "आपला अधिकार नसेल तर तसं लेखी द्यावं, आणि कोणाचा आहे तेही लिहावं." पोच घ्यायची, शिक्क्यासकट. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी शाळेतली दोन पोरं बसतील. कार्बनपेपर मी आणतो, कागद तुम्ही आणा.